सातवा प्रश्न

एकोणीस वर्षं या मुलींचे फॉर्म माझ्या हातून जातायत.
गाठींचा बिल्ला, प्रथमोपचाराचा,
बिस्किटं विकून पैसे जुळवल्याचा,
त्यातलं मला कळतं. गाठ सुटते किंवा सुटत नाही.
नोकरी माझी धान्याच्या काट्यावर:
ट्रक भरलेला आत येतो, रिकामा बाहेर जातो,
मधला फरक मी लिहिते.

श्रद्धेच्या पदकाशी मात्र पेन अडतं.
ते आमच्या पथकाचं नसतंच, ज्याच्या त्याच्या धर्माचं.
पुस्तिका त्यांची, परीक्षक त्यांचे,
मी शेवटच्या पानावर फक्त सही करायची
की मुलगी खरी आहे.

रुकय्या तीन महिने मशिदीच्या दारात
मोठ्यांचे बूट जोडीने लावत होती.
शिफ्राने आजोबांपुढे आशीर्वाद म्हटले,
दोनदा अडखळून रडली, तिसऱ्यांदा आजोबा रडले.

आणि टॅबिथा क्वेकर.
त्यांच्या सभाघरात पाद्री नाही, वेदी नाही, गाणंसुद्धा नाही.
बाकांवर बसायचं,
आतून कुणी ढकललं तरच उठून बोलायचं.
अकरा वर्षांची पोर, खिशात सतत काहीतरी खुळखुळणारं,
तिला काम मिळालं: दहा रविवार गप्प बस.
शेजारी ऑर्फा पिकरिंग, वय शहाऐंशी, कानात यंत्र.

चौथ्या रविवारी हिने विचारलं,
तुम्हाला काय ऐकू येतं?
ऑर्फा म्हणाली, मला? मी यंत्र बंद करून बसते गं,
नाहीतर स्वयंपाकघरातला फ्रीज ऐकू येतो.

हे तिने मला गाडीत सांगितलं,
चोरी पकडल्यासारखं. मी हसले.
ती बाहेर मक्याकडे बघत राहिली.

पुस्तिकेतला सातवा प्रश्न:
शांततेत तू काय ऐकलंस? खाली सहा ओळी.
तिने पेन्सिलने लिहिलं:
फ्रीज. मग फ्रीजही थांबला.

समितीकडून परत आलं. कृपया सविस्तर.
मी म्हटलं, बाई, वाढव दोन ओळी,
प्रकाशाबिकाशाचं घाल काहीतरी, तुमच्यात चालतं ते.
म्हणाली, ते मी ऐकलं नाही.
तेच वाक्य शाईने गिरवलं
आणि जिभेने पाकीट चिकटवलं.

जूनमध्ये पदक आलं, बटणाएवढं.
ग्रंथालयाच्या तळघरात पाणी शिरलेलं,
म्हणून समारंभ सभाघरातच.
रुकय्याला टाळ्या, शिफ्राला टाळ्या आणि एक शिट्टी.
टॅबिथासाठी मी भाषण लिहून नेलं होतं.
टाळ्या नकोत, ती म्हणाली.
मग काय?
बसा.

बसलो. बाक करकरले, मग तेही बसले.
रुकय्याच्या काकांनी मोबाइल पालथा घातला.
कुणाचं तरी बाळ स्वतःच्या मुठीशी बोलत होतं.
मी काय करणार, वजन करत बसले:
बाप गेला तेव्हा चर्चच्या आत न जाता
गाडीत ऐकलेला हवामानाचा अंदाज.
त्या दिवशी गारा पडणार होत्या. पडल्या नाहीत.
आणि भिंतीपलीकडून ती घरघर,
झोपेत कुणी आकडे पुटपुटावं तशी,
जी मला आत्तापर्यंत ऐकूच आली नव्हती.
मग ती थांबली.

किती वेळ, सांगता येत नाही.
ऑर्फाने एकटीनेच मान वर केली.
त्या दिवशी तिने यंत्र बंद केलेलं नव्हतं.
उठली, बाकाला धरून नीट उभी राहिली,
सगळी सभा तिच्याकडे वळली.
म्हणाली, आइस्क्रीम बघा कुणीतरी.

फ्रीज खरोखरच मेला होता.
आम्ही उभ्याउभ्या खाल्लं, कपातून, पुठ्ठ्याच्या झाकणावरून,
शिफ्राच्या आजोबांनी चमचा नाही म्हणून बोटाने.
टॅबिथाच्या पट्ट्यावर पदकाशेजारी
व्हॅनिलाचा डाग पडला, तो धुऊनही जात नाही.

यंदा बिस्किटं नव्या फ्रीजसाठी विकतोय.
दुकानात ती प्रत्येकाला कान लावून बघते
आणि मान हलवते.
हा फारच गप्प आहे, म्हणते.